दिवेआगरचें सरपण

सांदीपनि ऋषींच्या आश्रमांत असतां गुरुपत्नीच्या सांगण्यावरून श्रीकृष्ण व सुदामा रानांत सरपण आणावयास गेले आणि अवकाळीं उठलेल्या वादळांत सांपडून एकमेकांचा हात धरून रात्रभर भटकत राहिले, ही भागवतांतील कथा आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकलेली असते. ऐकतांना आपलें सारें लक्ष त्या दोघांच्या मैत्रीकडे असतें. सरपण आणणें हें मुळांतच जोखमीचें काम आहे, ही त्या कथेंतील दुसरी गोष्ट आपल्या ध्यानांत येत नाहीं. आमच्याही ती आली नव्हती. ती येण्यास एक वादळ, एक पडलेला फणस आणि एका वृद्ध गड्याचा डावा हात, इतक्यांची गरज लागली.

आमचें मूळ घर रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांत, दिवेआगर येथें आहे. गांव फार जुनें. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील मराठी ताम्रपट या गांवीं सांपडला, हें जाणत्या वाचकांस ठाऊक असेलच. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगांवास यावें, तेथून म्हसळ्यावरून समुद्राकडे वळावें, म्हणजे शेवटीं नारळी-पोफळींच्या दाट सांवलींत शिरणारा तो ओळखीचा रस्ता लागतो. निदान पूर्वीं तरी लागत असे. ३ जून २०२० रोजीं दुपारीं ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा घेऊन निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलें, आणि कांहीं तासांच्या आंत ती सांवली नाहींशी झाली. तें साल साथीचें. प्रवासास बंदी असल्यामुळें आम्हांस लागलीच जातां आलें नाहीं. अखेर डिसेंबरांत आम्ही उभयतां, आमचे धाकटे बंधू व त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा असे चौघे निघालों.

म्हसळें मागें टाकल्यावर गाडींत कोणी फारसें बोललें नाहीं. घरीं पोंचलों तों काकू ओटीवर उभ्याच होत्या. वादळाच्या दिवशीं त्या एकट्याच माजघरांत देवांपाशीं बसून राहिल्या होत्या. त्यांनीं आमच्या हातावर पाणी घातलें आणि म्हणाल्या, "आधीं चहा घ्या. वाडी काय, आतां कुठें पळून जायची नाहीं."

चहा होतांच आम्ही मागील दारीं गेलों. ज्या वाडींत भर दुपारींही ऊन जमिनीस लागत नसे, तेथें आतां डोक्यावर उघडें आभाळ होतें. पोफळी रांगेच्या रांगेनें एकाच दिशेस निजल्या होत्या. नारळ कांहीं मधेंच मोडले होते, कांहीं मुळांसकट उपटले होते. विहिरीकडच्या कोपऱ्यांतील फणस आजोबांच्या हातचा. तो आडवा झाला होता. त्याच्या मुळांचें मातीसकट सुटलेलें चक्र पुरुषभर उंच उभें राहिलें होतें आणि त्याखालीं मोठा खड्डा पडला होता. कांहीं मुळें मात्र अजून जमिनींत होतीं, आणि सहा महिने आडवें पडलेल्या त्या झाडास कोंवळीं पानें फुटलीं होतीं. काकू त्याजकडे पाहण्याचें टाळीत होत्या.

वाडी आहे तशीच कां ठेवूं नये, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर आहे. नारळाचीं खोडें कुजूं लागलीं कीं त्यांत गेंड्या भुंग्याची मादी अंडीं घालते. तेथें वाढलेले भुंगे मग वाडींतील उभ्या नारळांचे कोंभ पोखरतात. पडलेलें झाड तसेंच ठेवणें म्हणजे वांचलेल्या झाडांस मारणें होय. वखारवाल्यास विचारून पाहिलें, तर त्यास केवळ आंबा-फणसांचे जाड ओंडके हवे होते. बाकीचें जंजाळ तो तसेंच टाकणार होता. शेवटीं असें ठरलें कीं, फणसाचा बुंधा कापवून फळ्यांसाठीं ठेवावा, फांद्यांचें सरपण करावें आणि नारळी-पोफळींचीं खोडें उचलून जागा मोकळी करावी. वादळानंतरचा पंचनामा झालेला होता. तरीही वाचकांस सांगून ठेवतों कीं, झाडें तोडण्यासंबंधीं १९६४ चा राज्याचा कायदा आहे व त्याच्या अनुसूचींत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ अशीं झाडें आहेत. स्वतःच्या वाडींतील झाडासही हात लावण्यापूर्वीं विचारपूस करणें बरें.

दुसऱ्या दिवशीं सकाळींच बंधूंनीं दुहाती करवत काढली. त्यांचें म्हणणें असें कीं, मोठें काम आधीं उरकावें. आम्हीं फणसाच्या बुंध्यावर, मुळांपासून चार हातांवर, खूण केली व करवतीचें एक टोंक धरलें. करवत चालूं लागली तोंच बेड्यापाशीं आबा दिसले. आबा म्हणजे आमच्या वाडीवरील जुने गडी. वय पंचाहत्तरीच्या घरांत; कामावर येणें त्यांनीं केव्हांच सोडलें होतें. ते पाय ओढीत पण झपाट्यानें आले आणि त्यांनीं आम्हांस रामराम देखील केला नाहीं.

"भाऊ, करवत थांबवा. आधीं पोराला वर घ्या."

आम्हीं मागें वळून पाहिलें. बंधूंचा मुलगा मुळांखालच्या खड्ड्यांत उतरून काठीनें खापऱ्या उकरीत बसला होता. आम्हां दोघांसही त्याची शुद्ध नव्हती. त्यास वर काढल्यावर आबांनीं आम्हांस मुळांच्या चक्राकडे बोट करून दाखविलें. झाड आडवें असलें तरी जमिनींत राहिलेलीं मुळें ताणलेलीं असतात, आणि चक्राला चिकटलेल्या मातीचें ओझें त्यास पुन्हां खड्ड्यांत ओढीत असतें. त्यास आडवें धरून ठेवतो तो बुंध्याचा व फांद्यांचा भार. तो भार कापून वेगळा केला कीं धरणारें कोणी राहत नाहीं. मग मुळें खाली येतात. केव्हां येतील तें सांगवत नाहीं.

आबांच्या देखरेखीखालीं काम पुन्हां सुरू झालें. मुलास काकूंपाशीं ओटीवर बसविलें. खड्ड्याकडे कोणीं जावयाचें नाहीं, आणि करवत धरणारांनीं बुंध्याच्या बाजूस, मागें पळावयास वाट ठेवून, उभें राहावयाचें. पाऊण बुंधा कापला गेला असेल, तोंच आंतून करकर असा आवाज आला. आम्ही करवत टाकून दूर झालों. मुळांचें तें अजस्र चक्र हललें, बुंध्याचें थोटुक वर उठलें आणि धप्प असा आवाज होऊन तें सारें खड्ड्यांत नीट जाऊन बसलें. चार-पांच क्षणांचा खेळ. खड्डा होता कीं नव्हता, हें नवख्यास कळलेंही नसतें. ओटीवर मुलानें काकूंचा पदर घट्ट धरला होता. बंधू बराच वेळ त्या थोटकाकडे पाहत उभे राहिले व मग विहिरीवर जाऊन त्यांनीं तोंडावर पाणी मारलें.

त्या दिवसापासून आम्हीं आबांस विचारल्याविना कोणत्याही लाकडास हात लावला नाहीं. त्यांनीं जें शिकविलें त्यांतील मुख्य तेवढें येथें देतों; कारण वादळें आतां कोंकणासही नवीं राहिलीं नाहींत आणि शहरांतही दर पावसाळ्यांत झाडें पडतात.

पडलेल्या झाडापाशीं गेल्यावर पहिली दृष्टि वर टाकावी. दुसऱ्या झाडाच्या बेचक्यांत अधांतरीं अडकलेली फांदी किंवा झाडांत गुंतलेली विजेची तार दिसली, तर तेथून परत फिरावें. तार जिवंत नाहीं अशी वीजमंडळाच्या माणसानें खात्री दिल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये. मग झाड कशाकशावर टेकलें आहे तें पाहावें. ओंडका दोन्ही टोंकांस टेकलेला व मध्यें अधांतरीं असेल, तर त्याची वरची बाजू दाबलेली व खालची ताणलेली असते. अशा वेळीं वरूनच कापीत गेल्यास करवत आवळली जाते. म्हणून वरून तिसरा हिस्सा कापून चिरेंत पाचर बसवावी आणि उरलेला भाग खालून कापावा. एकच टोंक टेकलेलें व दुसरें पुढें आलेलें असेल, तर प्रकार उलट. तेथें आधीं खालून थोडें व मग वरून कापावें. वांकून दुसऱ्या खोडाखालीं दाबलेलें कोंवळें झाड सर्वांत वाईट. तें ओढलेल्या धनुष्यासारखें असतें. एका घावांत तोडल्यास उसळून तोंडावर बसतें. अशा झाडाच्या वांकाच्या आंतल्या अंगानें, बाजूस उभें राहून, थोडथोड्या ढलप्या काढीत त्याचा जोर जिरवावा. उतारावर ओंडका कापतांना नेहमीं चढाच्या बाजूस उभें राहावें आणि ओंडक्यास धोंडे लावून तो अडवावा.

शेजारच्या वाडीवर यंत्रकरवत चालू होती. तिनें दिवसाचें काम घटकेंत होतें हें खरें; पण आबांचें म्हणणें, हात करवतीनें दमतो तेव्हां माणूस थांबतो; यंत्र दमत नाहीं, म्हणून माणूसही थांबत नाहीं. तिच्या पात्याचें टोंक लाकडास लागलें तर ती उसळून चालविणाराच्याच अंगावर येते. शिकलेल्या माणसावांचून ती कोणीं हातीं धरूं नये आणि एकट्यानें तर कधींच चालवूं नये.

तिसऱ्या दिवशीं फोडणीचें काम काढलें. सगळीं लाकडें सारखीं नसतात. किनाऱ्यावरील सुरूचें लाकूड जड. त्याचा विस्तव कडक होतो. आंबा लौकर पेटतो, पण ओला असल्यास घर धुरानें भरून टाकतो. चिंच चिवट व गांठाळ. पोफळीचें खोड उभें चिरतें, म्हणून त्याच्या पन्हळी व मांडवाच्या पट्ट्या होतात; नारळाच्या खोडास मात्र वर्तुळें नसतात, नुसते धागे असतात, आणि त्यांत कुऱ्हाड रुतून बसते.

कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं तिचा दांडा हालवून पाहावा. तुंबा सैल असेल तर पाण्यांत भिजवून तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण वाळतांच पुन्हां सुटतो; त्यापेक्षां नवी पाचर ठोकावी. धार बोथट नसावी, कारण बोथट कुऱ्हाड लाकडांत शिरत नाहीं, घसरते. फोडावयाचें लाकूड जमिनीवर किंवा दगडावर न ठेवतां गुडघ्याहून थोड्या कमी उंचीच्या रुंद ठोकळ्यावर, पलीकडच्या कडेस उभें करावें. म्हणजे घाव चुकला तरी तो ठोकळ्यांत जातो, नळगुडघ्यावर येत नाहीं. पाय फांकवून उभें राहावें. पायांत चपला नकोत, जाड बूट हवेत. अंगावर लोंबतें उपरणें किंवा ओढणी नको. डोळ्यांवर चष्मा असावा. कुऱ्हाड धरून हात लांब केला असतां जितकें अंतर होतें, त्याच्या दुपटीच्या आंत कोणासही उभें राहूं देऊं नये. लाकडाच्या तोंडावर आधींच तडे असतात. त्यांच्या वाटेनें घाव घालावा, गांठ टाळावी, आणि मोठा ओंडका मधोमध फोडण्याचा हट्ट न धरतां कडेकडेनें सोलीत जावें.

एका गांठाळ ओंडक्यास कुऱ्हाड पुरेना, तेव्हां बंधूंनीं लोखंडी पाचर व घण आणला. त्यांनीं पाचर तड्यांत उभी धरली व आम्हांस म्हणाले, "दादा, तुम्ही घण घाला." आम्ही घण उचलणार, इतक्यांत आबांनीं पुन्हां थांबविलें. ह्या वेळीं ते ओरडले नाहींत. त्यांनीं आपला डावा हात पुढें केला. त्यास दोन बोटें नव्हतीं.

तो हात आम्ही लहानपणापासून पाहत आलों होतों. त्याच हातानें त्यांनीं आम्हांस शहाळीं सोलून दिलीं होतीं. त्या बोटांचें काय झालें, असें विचारण्याचें पन्नास वर्षांत आमच्या मनांत आलें नव्हतें.

"पाचर आपण धरायची आणि आपणच हलक्या हातोडीनं बसवायची," आबा म्हणाले. "ती उभी राहिली कीं हात काढायचा, मग घण. दुसऱ्याच्या घणाखालीं हात कधीं धरायचा नाहीं. घण घालणारा भाऊ असला तरी नाहीं."

संध्याकाळीं ओटीवर आम्हीं काकूंस विचारलें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तुझ्याच मुंजीचं सरपण फोडतांना झालं तें. मी तेव्हां नवी नवरी होतें. पांचशें पानांचा स्वयंपाक, आणि लाकडं कमी पडलीं. रात्रीं कंदिलाच्या उजेडांत फोडायला लावलीं. पाचर धरली यांनी, घण दुसऱ्याचा. महाडास नेईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. शुभकार्यांत विघ्न नको म्हणून माजघरांत कोणीं शब्द काढला नाहीं."

आबा पायरीवर बसून ऐकत होते. आम्हीं त्यांस म्हटलें, "आबा, इतक्या वर्षांत तुम्हीं कधीं सांगितलें कसें नाहीं?"

"सांगायचं काय त्यांत?" ते हंसून म्हणाले. "तुम्ही तेव्हां लंगोटी नेसून 'भवति भिक्षां देहि' म्हणत घरभर फिरत होतां. मला पण लाडू घातलात."

आमच्या मुंजीच्या जेवणाचें वर्णन आमच्या घरांत आजवर शेंकडों वेळां झालें असेल. मठ्ठा कसा होता, जिलब्या किती उठल्या, कोणाचे अहेर काय आले, हें सर्व आम्हांस पाठ आहे. तें अन्न ज्या विस्तवावर शिजलें त्याची किंमत कोणीं दिली, तें मात्र त्या वर्णनांत कधीं आलें नाहीं. होमासाठीं समिधा कोणत्या झाडाच्या असाव्या याचा काटेकोर विचार करणाऱ्या घरांत, चुलीखालच्या लाकडाचा विचार गड्यावर सोंपविलेला होता. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. सकाळीं आम्हीं आबांची क्षमा मागितली, तेव्हां त्यांनीं विषय बदलून लाकडें कोठें रचावयाचीं तें विचारलें.

रचण्याचीही रीत आहे. ताज्या लाकडाच्या वजनांत जवळजवळ निम्में पाणी असतें. तें पांचव्या हिश्शाच्या खालीं उतरल्यावांचून लाकूड जाळणें म्हणजे घरच्या बायकांच्या डोळ्यांत व छातींत धूर भरणें होय. सुकलेलें लाकूड हातास हलकें लागतें, त्याच्या तोंडावर तडे पडतात, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर ठण्ण असा आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो. रास घराच्या भिंतीस लागून नसावी, नाहींतर वाळवी आंत येते. खालीं दगड वा फळ्या घालून ती जमिनीपासून वर उचलावी. वर छप्पर असावें, बाजू वाऱ्यास मोकळ्या असाव्या.

लाकडाच्या राशींत हात घालण्यापूर्वीं काठीनें ती ठोकावी. फुरसें व विंचू यांस तसली जागा फार आवडते. सर्पदंश झाल्यास जखम कापणें, दोरी आवळणें, मांत्रिक शोधणें यांत वेळ न दवडतां माणसास हालचाल न करूं देतां प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयांत न्यावें. कोंकणांतील लाल विंचवाचा दंश पूर्वीं कित्येकांचे प्राण घेई. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं प्राझोसिन हें औषध त्यावर वापरून असंख्य रोगी वांचविले. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण तें वेळीं पोंचलें पाहिजे. आणखी एक. सांपडलेलें प्रत्येक लाकूड जाळण्याजोगें नसतें. बिब्ब्याच्या लाकडानें व धुरानें अंगावर फोड उठतात. खाडीकांठच्या गेव्याचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीवर बेततें. शिवाय तीं खारफुटीचीं झाडें कायद्यानें रक्षिलेलीं आहेत, त्यांस हातच लावूं नये. रंग दिलेलीं किंवा औषध पाजलेलीं लाकडेंही चुलींत घालूं नयेत.

आठ दिवसांनीं आम्ही निघालों तेव्हां पडवीपलीकडे फणसाच्या व आंब्याच्या फांद्यांची छातीइतकी उंच रास उभी होती. नारळांचीं खोडें वाडीबाहेर गेलीं होतीं. मधल्या मोकळ्या जागेंत काकूंनीं पोफळीचीं रोपें लावण्याची तयारी चालविली होती. तीं धरण्यास सहा-सात वर्षें लागतील हें त्यांस आम्हांहून अधिक ठाऊक होतें.

मे २०२१ मध्यें तौक्ते चक्रीवादळ कोंकण किनाऱ्याजवळून उत्तरेस गेलें. आमचा जीव टांगणीस लागला होता. वीज दोन दिवस नव्हती; तिसऱ्या दिवशीं काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "आम्ही बरीं आहोंत. सिलेंडर संपला होता, पण फणसाचीं लाकडं खडखडीत वाळलीं आहेत. चुलीवर भात केला. आबांच्या घरचीं माणसंही आपल्याकडेच होतीं. सगळीं एका पंक्तीला जेवलीं."

आमच्या घरांत आतां एक नियम झाला आहे. सरपण फोडावयाचें झाल्यास तें दिवसाउजेडीं व घरच्या माणसांनीं फोडावें, आणि कार्य कितीही मोठें असलें तरी पाचर दुसऱ्याच्या हातीं धरावयास देऊं नये. वाचकांच्या घरींही एखादे जुने गडी, एखादी जुनी मोलकरीण असेल. त्यांच्या हातांकडे एकदां नीट पाहावें आणि विचारावें, एवढीच विनंती.